इंजिनच्या श्वासातच आग: लष्कराचे जुने डिझेल ट्रक गोठवणाऱ्या थंडीत चालू कसे व्हायचे?

अमेरिकी लष्कराचा एम-३५ए२ नावाचा एक जुना ट्रक आहे. सैनिक त्याला 'ड्यूस अँड अ हाफ' म्हणायचे. ड्यूस म्हणजे दोन आणि त्यावर अर्धा, कारण गाडीचा वर्ग अडीच टनांचा. व्हिएतनाम युद्धात रसद वाहणाऱ्या ट्रकांचे जुने फोटो बघितले असतील, तर ही गाडी तुमच्या नजरेखालून नक्की गेलेली असणार.

या ट्रकच्या डॅशबोर्डवर एक स्विच होता. कडाक्याच्या थंडीत स्टार्टर मारताना ड्रायव्हरने तो दाबून धरायचा. मग इंजिनकडे हवा नेणाऱ्या नळीत इंधनाचा बारीक फवारा उडायचा, त्याला ठिणगी मिळायची आणि तिथे चक्क ज्योत पेटायची. इंजिन जी हवा आत ओढतंय, तिच्यातच आग. तीही मुद्दाम लावलेली.

ऐकायला हा वेडेपणा वाटतो. पण जगभरातल्या लष्करांनी थंडीत डिझेल ट्रक चालू करण्यासाठी काय काय केलंय हे बघितलं, तर ही ज्योत त्यातल्या त्यात शहाणपणाची वाटायला लागते. कुणी इंजिनाखाली शेकोटी पेटवली, कुणी पहाटे रेडिएटरमध्ये उकळतं पाणी ओतलं, तर कुणी भूल द्यायचं औषध इंजिनला हुंगवलं.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण थंड प्रदेशात आघाडीवरचं सैन्य ट्रकांवर जगतं. शिधा, रॉकेल, दारूगोळा वर जाणार तो ट्रकमधून आणि जखमी जवान खाली येणार तोही ट्रकमधून. सकाळी दहापैकी सहा ट्रक चालूच झाले नाहीत, तर त्या दिवशी सहा ट्रकांचा माल पोचत नाही. शत्रूने एकही गोळी न झाडता.

पण मुळात डिझेल गाडीच थंडीत एवढी का अडते? आधी ते समजून घेऊ.

डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच

पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग असतो. हवा आणि पेट्रोलच्या मिश्रणात तो ठिणगी टाकतो आणि मिश्रण पेटतं. डिझेल इंजिनात अशी ठिणगी नसते. तिथे आग लागते ती फक्त दाबामुळे.

सायकलच्या ट्यूबमध्ये पंपाने हवा भरताना पंपाचं टोक गरम झालेलं तुम्ही अनुभवलं असेल. हवा दाबली की तापते, एवढाच तो नियम. डिझेल इंजिनात पिस्टन हवेला दाबून साधारण सतराव्या भागाएवढ्या जागेत कोंबतो. ती हवा इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो.

आता थोडं ढोबळ गणित करू. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस असेल आणि दाबताना जराही उष्णता वाया गेली नाही असं धरलं, तर दाबलेली हवा साडेसहाशे अंशांच्या वर जाते. बाहेर उणे २५ अंश असेल, तर त्याच हिशोबाने ती पाचशेच्या आसपास पोचते. डिझेल आपोआप पेटायला साधारण २१० ते २५० अंश लागतात. म्हणजे कागदावर तरी गाडी उणे २५ लाही चालू व्हायला हवी.

पण कागदावरचं इंजिन आणि रात्रभर बर्फात उभं राहिलेलं इंजिन यांत फरक असतो. गोठलेल्या लोखंडी भिंती दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात. इंजिन हळू फिरत असल्यामुळे त्यांना त्यासाठी वेळही भरपूर मिळतो. पिस्टनच्या रिंगांमधून हवा निसटते. हे सगळं धरून हिशोब केला, तर तापमान तीनशेच्या आसपास येतं. इंजिन झिजलेलं असेल, तर ते दोनशेच्याही खाली जाऊ शकतं. त्यातही डिझेल सावकाश पेटून उपयोग नसतो. सेकंदाच्या काही हजाराव्या भागात ते पेटावं लागतं आणि त्यासाठी किमान मर्यादेपेक्षा बरीच जास्त उष्णता हाताशी असावी लागते.

मग होतं काय? स्टार्टर घरघरत राहतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि इंजिन काही उठत नाही. तो पांढरा धूर म्हणजे न पेटलेलं डिझेल.

थंडी चारही बाजूंनी घेरते

हवा थंड असणं ही फक्त पहिली अडचण.

दुसरी अडचण बॅटरीची. बॅटरीतून वीज मिळते ती रासायनिक क्रियेतून आणि थंडीत ही क्रिया मंदावते. उणे १८ अंशांना चांगली बॅटरीसुद्धा निम्म्याच्या आसपास ताकदीवर येते.

तिसरी अडचण ऑइलची. थंडीत इंजिन ऑइल काकवीसारखं घट्ट होतं. म्हणजे बॅटरीची ताकद निम्मी झालेली असताना स्टार्टरला आधीपेक्षा कितीतरी जड इंजिन फिरवावं लागतं. त्यामुळे इंजिन हळू फिरतं, हळू फिरल्यामुळे हवा नीट तापत नाही आणि आपण पुन्हा पहिल्याच अडचणीपाशी येतो.

चौथी अडचण खुद्द डिझेलची. खोबरेल तेलाची बाटली थंडीत कशी पांढरी होऊन गोठते आणि मग आपण ती उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवतो, ते आठवा. डिझेलमध्येही मेणाचा अंश असतो. थंडी वाढली की त्या मेणाचे बारीक कण तयार होतात, डिझेल गढूळ दिसायला लागतं आणि हे कण फिल्टरमध्ये जाऊन बसतात. टाकी भरलेली असते, पण इंजिनपर्यंत थेंबही पोचत नाही.

थंडीत गाडी चालू करण्याची जी काही साधनं निघाली, ती या चारपैकी एखाद्या अडचणीवरचा उपाय आहेत. एकच साधन चारही अडचणी सोडवत नाही आणि प्रत्येकाची काही ना काही किंमत मोजावी लागते.

१९४१ चा हिवाळा आणि इंजिनाखालच्या शेकोट्या

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला. हिवाळ्याच्या आत युद्ध संपेल असा जर्मनांचा अंदाज होता. डिसेंबरमध्ये मॉस्कोच्या आसपास पारा उणे ३० च्याही खाली गेला, तेव्हा त्यांच्या गाड्या जागच्या जागी थिजल्या. जर्मन गाड्यांपैकी बऱ्याचशा पेट्रोलच्या होत्या, पण घट्ट झालेलं ऑइल आणि मेलेली बॅटरी यांचा त्रास पेट्रोल आणि डिझेल दोघांनाही सारखाच.

मग जे हाताला लागलं ते केलं गेलं. ऑइलच्या चेंबरखाली शेकोट्या पेटवल्या गेल्या. ऑइल पातळ राहावं म्हणून त्यात पेट्रोल मिसळलं गेलं. इंजिन गरम झालं की ते पेट्रोल उडून जातं, पण तोपर्यंत त्या पातळ ऑइलवर इंजिन झिजत राहतं. काही ठिकाणी तर इंजिन रात्रभर बंदच केलं जायचं नाही. सकाळी गाडी निघायची खरी, पण आधीच तुटपुंजं असलेलं इंधन उभ्या गाडीनेच पिऊन टाकलेलं असायचं.

सोव्हिएत ड्रायव्हरांना ही थंडी घरचीच होती. अँटिफ्रीझ दुर्मीळ असल्यामुळे ते रात्री रेडिएटर आणि इंजिनातलं सगळं पाणी काढून टाकायचे. पाणी आत राहिलं, तर गोठताना फुगून इंजिनाचा ब्लॉक फोडू शकतं. सकाळी पाणी उकळून ते इंजिनात ओतायचं. यामुळे दोन कामं एकदम व्हायची. इंजिनला पाणी मिळायचं आणि गोठलेलं लोखंडही तापायचं.

त्यांच्या टी-३४ रणगाड्याच्या डिझेल इंजिनाला आणखी एक सोय होती. रणगाड्यात पुढच्या बाजूला दाबलेल्या हवेची नळकांडी असायची. बॅटरी मेली तर ही हवा सरळ सिलिंडरमध्ये सोडायची आणि पिस्टन ढकलून इंजिन फिरवायचं. बॅटरीच्या अडचणीवर बॅटरीलाच वगळून काढलेला हा उपाय.

पाणीच नको म्हणणारा ट्रक

याच युद्धकाळात चेक प्रदेशातल्या टाट्रा कंपनीने वेगळा रस्ता धरला. तेव्हा हा भाग जर्मनीच्या ताब्यात होता. १९४२ पासून तिथे टाट्रा १११ हा जड ट्रक बनायला लागला. त्याला बारा सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं आणि ते पाण्याने नव्हे, तर हवेने थंड होणारं होतं. रेडिएटर नाही, पाणी नाही, म्हणजे गोठायलाही काही नाही. युद्धानंतर हे ट्रक मोठ्या संख्येने सोव्हिएत संघात गेले आणि सायबेरियात राबले.

अर्थात एकाच काळजीचा काटा निघाला होता. ऑइल, बॅटरी आणि डिझेल जिथल्या तिथेच होतं. उलट गरम पाणी ओतून इंजिन तापवायची सोय मात्र गेली.

टाट्रा हे नाव भारतीय लष्करालाही ओळखीचं आहे. १९८० च्या दशकात टाट्रा ट्रक बीईएमएल या सरकारी कंपनीमार्फत भारतात आले आणि क्षेपणास्त्रांपासून पुलांच्या सामानापर्यंत बरंच काही त्यांच्या पाठीवर चढलं. त्यांचंही इंजिन हवेने थंड होणारंच.

हीटर प्लग: दोन मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा

महाराष्ट्रात ज्यांनी जुनी डिझेल जीप किंवा मॅटाडोर चालवली आहे, त्यांना 'आधी हीटर दे, मग सेल्फ मार' हे वाक्य पाठ असेल. हा हीटर म्हणजे ग्लो प्लग. प्रत्येक सिलिंडरच्या छोट्या ज्वलनकक्षात पेन्सिलीच्या टोकाएवढी एक काडी असते. वीज दिली की ती लालबुंद होते. दाबलेली हवा पुरेशी तापली नसली, तरी डिझेल त्या लाल टोकाजवळ पेट घेतं.

ज्या इंजिनांत इंधन आधी एका छोट्या बाजूच्या कक्षात पेटतं आणि मग ज्योत मुख्य सिलिंडरमध्ये येते, त्यांना ग्लो प्लगशिवाय थंडीत चालू करणं फार कठीण. त्या जादा कक्षाच्या भिंतीही उष्णता खातात ना! १९८० च्या दशकात अमेरिकी लष्कराने शेव्हरलेच्या डिझेल पिकअप घेतल्या, त्यांनाही ग्लो प्लगच होते.

ग्लो प्लग साधा, स्वस्त आणि शांत. पण त्याची सगळी मदार बॅटरीवर आणि बॅटरी तर थंडीत आधीच अर्धमेली. शिवाय प्लग गरजेपेक्षा जास्त वेळ तापत राहिला, तर त्याचं टोक फुगतं. मग तो बाहेर काढताना टोक तुटून आतच राहण्याची भीती असते.

आता वळू त्या ज्योतीकडे

मोठ्या ट्रकांच्या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. बाजूचा कक्ष नाही, त्यामुळे ग्लो प्लगही बहुधा नाही. मग उष्णता द्यायची कुठे? आत येणाऱ्या हवेलाच.

एम-३५ए२ चं इंजिन त्यातही खास होतं. ते 'मल्टिफ्युएल' होतं, म्हणजे डिझेल, रॉकेलच्या जातीचं विमानाचं इंधन आणि वेळ पडली तर पेट्रोलसुद्धा त्याला चालायचं. युद्धात जे इंधन हाती लागेल त्यावर गाडी पळाली पाहिजे, हा त्यामागचा विचार. त्यासाठी वापरलेली ज्वलनाची पद्धत जर्मनीच्या मान कंपनीने विकसित केली होती. हे नाव आपल्याकडेही ऐकलेलं आहे. भारतीय लष्कराचा प्रसिद्ध 'शक्तिमान' ट्रक याच मान कंपनीच्या परवान्याने १९५९ पासून जबलपूरला बनायला लागला.

मानच्या या पद्धतीत इंधन हवेत फवारायचं नसतं. पिस्टनच्या माथ्यावर एक गोल वाटी असते, तिच्या भिंतीवर ते सोडायचं. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडला की चर्रकन वाफ होते, तसं गरम वाटीत इंधनाची वाफ होते आणि ते शांतपणे जळतं. पण तवाच थंड असेल तर? थेंब पसरून तसाच बसतो. त्यामुळे ही इंजिनं गरम झाल्यावर गुणी असली, तरी थंडीत उठताना हट्टी. म्हणूनच या इंजिनात हवा तब्बल बाविसाव्या भागापर्यंत दाबली जायची आणि तरीही जोडीला ज्योतीचा हीटर द्यावा लागायचा.

छोटा पंप ट्रकच्याच टाकीतलं इंधन एका नोझलमधून फवारतो, ठिणगी ते पेटवते आणि सिलिंडरकडे जाणारी हवा गरम होऊन जाते. इंजिन स्वतःच्या जोरावर नीट फिरायला लागलं की स्विच सोडून द्यायचा. बॅटरीतून वीज लागते ती पंप आणि ठिणगीपुरती. खरी उष्णता मिळते इंधनातून. ही ज्योत हवेतला थोडा प्राणवायू खाते हे खरं, पण मिळणारी उष्णता त्यापेक्षा मोलाची.

हीच कल्पना इतर देशांनीही आपापल्या परीने वापरली. ब्रिटनच्या सीएव्ही कंपनीचं 'थर्मोस्टार्ट' तर आणखी साधं. नळीत एक विजेची वेटोळी तार. तार तापली की तिच्या उष्णतेने एक छोटी झडप फुगून उघडते, थेंब थेंब डिझेल तारेवर पडतं आणि पेटतं. पंप नको की वेगळी ठिणगी नको. सोव्हिएत कामाझ ट्रकांच्या इंजिनातही अशाच प्रकारचे ज्योतीचे प्लग होते.

अडचण एवढीच की ज्योत बॅटरीचा आणि ऑइलचा प्रश्न सोडवत नाही. इंजिन फिरलंच नाही, तर गरम हवा आत ओढणार कोण?

भूल देणारं ईथर, इंजिनला जागं करणारंही

१८४६ साली अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये ईथर हुंगवून एका रुग्णावर जाहीर शस्त्रक्रिया झाली आणि वैद्यकशास्त्राचा इतिहास बदलला. त्याच ईथरचा पुढे एक वेगळाच उपयोग निघाला. ते साधारण १६० अंशांना आपोआप पेटतं, म्हणजे डिझेलच्या बरंच आधी. शिवाय कडाक्याच्या थंडीतही त्याची वाफ होते. थंड इंजिनासाठी याहून सोपं इंधन शोधून सापडणार नाही.

१९८० च्या दशकात अमेरिकी लष्करात आलेल्या एम-९३९ मालिकेतल्या पाच टनी ट्रकांना कमिन्सचं डिझेल इंजिन होतं. पुणेकरांना हे नाव नवीन नाही, कारण किर्लोस्कर कमिन्स या नावाने सुरू झालेला कारखाना १९६० च्या दशकापासून पुण्यात आहे. या ट्रकांत ईथरची नळकांडी बसवलेली असायची. स्विच दाबला की मोजून थोडंसं ईथर आत जायचं आणि इंजिन पटकन उठायचं. ज्योत नको आणि वाट बघणंही नको.

पण ईथर जेवढं सोपं, तेवढंच धोक्याचं. ते फार लवकर आणि फार जोरात पेटतं. मात्रा जास्त झाली, तर पिस्टन वर येत असतानाच स्फोट होतो. पिस्टन वर ढकलला जातोय आणि स्फोट त्याला खाली रेटतोय, अशी कुस्ती होते. त्यात रिंगा तुटतात, हेड गॅस्केट उडतं आणि कधी पिस्टनच फुटतो.

आणि एक नियम तर जीवघेणा महत्त्वाचा. ज्या इंजिनात ग्लो प्लग किंवा ज्योतीचा हीटर आहे, तिथे ईथर कधीही मारायचं नसतं. लालबुंद तारेवर किंवा पेटत्या ज्योतीवर ईथर गेलं, तर ते सिलिंडरपर्यंत पोचायची वाटही बघत नाही. हवेच्या नळीतच भडका उडतो आणि समोर उभ्या माणसाच्या तोंडावर येऊ शकतो.

जुने मेकॅनिक म्हणतात की इंजिनला ईथरचं व्यसन लागतं. त्यामागचं कारण साधं आहे. झिजलेल्या इंजिनात हवा नीट दाबली जात नाही, म्हणून ईथर मारावं लागतं. ईथरचे धक्के इंजिन आणखी झिजवतात, म्हणून पुढच्या वेळी आणखी ईथर लागतं. रोग तसाच राहतो आणि औषधाची मात्रा वाढत जाते.

अर्धा तास द्या, पण सगळं इंजिन तापवा

आतापर्यंतचे उपाय झटपट होते. सोव्हिएत अभियंत्यांचा भर मात्र दुसऱ्याच गोष्टीवर होता. हवा तापवण्यापेक्षा अख्खं इंजिनच तापवा.

१९७७ पासून बनायला लागलेला उराल-४३२० हा सोव्हिएत लष्कराचा नेहमीचा डिझेल ट्रक. अशा ट्रकांत एक वेगळा छोटा बंब बसवलेला असायचा. तो टाकीतलं डिझेल जाळून इंजिनाभोवतीचं पाणी किंवा अँटिफ्रीझ तापवतो. त्याच्यातून निघणारे गरम वायू इंजिनाच्या तळाशी ऑइलच्या चेंबरखाली सोडले जातात, म्हणजे ऑइलही पातळ होतं. जर्मन सैनिकांनी १९४१ मध्ये नाइलाजाने जी शेकोटी पेटवली, तिचीच ही सुधारलेली आणि धातूच्या डब्यात बंदिस्त केलेली आवृत्ती म्हणता येईल.

इंजिनाच्या दृष्टीने हा सगळ्यात चांगला उपाय. गरम लोखंड, पातळ ऑइल, कमी झीज. पण त्याला वीस-तीस मिनिटं लागतात, तो घरघरतो आणि धूर सोडतो. शत्रू जवळ असेल, तर अंधारात घरघरणारा बंब म्हणजे आपला पत्ता सांगणंच. आणि हल्ल्याच्या वेळी अर्धा तास कुणाकडे असतो?

अमेरिकी लष्करानेही शेवटी दोन्ही मार्ग एकत्र आणले. त्यांच्या साध्या ट्रकांकडून साधारण उणे ३२ अंशांपर्यंत कामाची अपेक्षा असायची. त्याखाली, उणे ५४ अंशांपर्यंत जायचं असेल, तर हिवाळ्याचा वेगळा संच बसवायचा. त्यात इंजिनाचं पाणी तापवणारा बंब, बॅटरी उबदार ठेवायची सोय, रेडिएटरवर पांघरूण अशा गोष्टी यायच्या.

शेजाऱ्याने उठवायचं

सगळे उपाय थकले तरी एक उरतोच, तो म्हणजे चालू असलेली दुसरी गाडी. नाटो देशांच्या लष्करी गाड्यांवर २४ व्होल्टचं एकसारखं सॉकेट असतं. जाड केबल जोडली की एका ट्रकच्या बॅटरीवर दुसरा ट्रक चालू करता येतो. ट्रक कुठल्याही देशाचा असो, सॉकेट तेच.

जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धात याच्याही पुढची गोष्ट केली होती. त्यांच्या काही रणगाड्यांत एका इंजिनातलं गरम पाणी नळीने दुसऱ्या थंड इंजिनात फिरवायची सोय होती. म्हणजे वीज उसनी घेण्याऐवजी उष्णताच उसनी घ्यायची.

म्हणूनच कडाक्याच्या थंडीत ताफ्यातली एक तरी गाडी उबदार ठेवणं महत्त्वाचं ठरतं. एक उठली की ती बाकीच्यांना उठवते.

लडाखमध्ये दुहेरी मार

भारतीय लष्करासाठी हा विषय इतिहासजमा झालेला नाही. लडाखमध्ये थंडीच्या जोडीला उंचीही असते. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. ५,३०० मीटरच्या वर असलेल्या खारदुंग ला खिंडीत तर तो निम्म्यावर येतो. सिलिंडरमध्ये मुळात हवाच कमी शिरते. ती दाबून दाब कमी निर्माण होतो आणि डिझेल पेटायला आणखी जड जातं. म्हणजे कमी उंचीवर उणे १५ ला उठणारा ट्रक उंचावर त्याच तापमानाला अडू शकतो.

हिवाळ्यात तिकडे गाडी चालवणाऱ्यांचे उपाय ठरलेले. गाडी उतारावर लावायची, म्हणजे धक्का स्टार्ट करता येईल. बॅटरी काढून रात्री बुखारीच्या उबेला न्यायची. दर काही तासांनी उठून इंजिन थोडा वेळ चालवायचं. डिझेलमध्ये थोडं रॉकेल मिसळायचं. आणि डिझेल गोठलंच, तर टाकीखाली आगटी पेटवायची. हा शेवटचा प्रकार किती धोक्याचा आहे हे करणाऱ्यालाही माहीत असतं. पण उणे २५ ला निर्जन रस्त्यावर अडकून पडणं त्याहून धोक्याचं वाटतं, तेव्हा माणूस तेही करतो.

यातल्या डिझेल गोठण्याच्या अडचणीवर मोठा उपाय निघाला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये. इंडियन ऑइलने लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं. पानिपतच्या रिफायनरीत तयार झालेलं हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. गाडीत एकही नवा भाग न बसवता चारपैकी एक अडचण बरीच हलकी झाली.

गाड्यांच्या बाजूने काम करणाऱ्यांत महाराष्ट्रातलंही एक नाव आहे. लष्करी वाहनांचं संशोधन आणि विकास करणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही प्रयोगशाळा अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला आहे. गाडी वाळवंटात जशी चालली पाहिजे, तशीच ती बर्फातही उठली पाहिजे ही अट आपल्या लष्करी वाहनांपुढे कायमच असते. कारण राजस्थान आणि लडाख दोन्ही एकाच लष्कराला सांभाळायचे आहेत.

मग आजच्या गाड्यांना यातलं काय लागतं?

आजच्या डिझेल गाड्यांत यातलं बरंचसं आपोआप होतं. हवा किती थंड आहे ते सेन्सर बघतो, ग्लो प्लग किती वेळ तापवायचे ते कॉम्प्युटर ठरवतो आणि इंधन खूप जास्त दाबाने, फार बारीक फवारलं जातं. पण नियम तोच आहे. डिझेलला पहिली उष्णता कुठून तरी मिळावीच लागते.

त्यामुळे हिवाळ्यात डिझेल गाडी घेऊन लडाख किंवा स्पितीला जायचा बेत असेल, तर या जुन्या ट्रकांकडून चार गोष्टी शिकून घ्यायला हरकत नाही.

पहिली, खालून भरलेल्या टाकीवर विसंबून राहू नका. थंड भागात शिरलात की तिथल्या पंपावर हिवाळी डिझेल मिळतंय का ते विचारा आणि टाकीत ते भरा. डिझेल गोठल्यावर भरून उपयोग नसतो, फिल्टर आधीच बसलेला असतो.

दुसरी, चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखं पिवळं चिन्ह दिसतं, तो ग्लो प्लगचा दिवा. तो विझेपर्यंत थांबा, मगच स्टार्ट करा. थंडी फार असेल, तर हे दोनदा करा.

तिसरी, बॅटरी तीन-चार वर्षं जुनी असेल, तर निघण्यापूर्वी तपासून घ्या. पुण्या-मुंबईत रोज चालू होणारी बॅटरी उणे १५ ला दगा देऊ शकते.

आणि चौथी सगळ्यात महत्त्वाची. कुणी 'हा स्प्रे मारा, लगेच चालू होईल' म्हणत ईथरचा डबा पुढे केला, तर आजच्या ग्लो प्लगवाल्या गाडीत तो मारू देऊ नका. टाकीखाली आग तर अजिबात नको. दुसऱ्या गाडीची केबल मागा किंवा ऊन वर येईपर्यंत थांबा. त्यात दोन तास जातील, पण इंजिन आणि हात दोन्ही शाबूत राहतील.